परसबागेतून परदेशात : अँडीजच्या फळपिकांचा इतिहास

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेने व्हेनेझुएलापासून चिलीपर्यंत पसरलेल्या अँडीज पर्वतरांगेने जगाला बटाटा दिला, ही गोष्ट शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचलेली आहे. परंतु त्याच पर्वताच्या उतारांवर, साधारणपणे १,००० ते ३,००० मीटर उंचीच्या पट्ट्यात, माणसाने शतकानुशतके जोपासलेल्या फळांची एक मोठी मालिका आहे आणि तिच्यातील बहुतेकांची नावेही पर्वताबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाहीत. विषुववृत्ताजवळच्या या पट्ट्यात उन्हाळा आणि हिवाळा यांत फार अंतर नसते, दिवस ऊबदार आणि रात्री थंड असतात, आणि हे मान वर्षभर जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे येथे वाढलेल्या झाडांना ना कडक ऊन मानवते ना दंव. चेरिमोया, लुकुमा, नारांहिया, वृक्षटोमॅटो, पेपिनो, रसभरी, बाबाको आणि कृष्णकमळाच्या कुळातील काही वेलफळे ही त्या मालिकेतील ठळक नावे होत. कृषिशास्त्रात अशांना 'अल्पवापरातील पिके' म्हणण्याचा प्रघात आहे, म्हणजे ज्यांची लागवड मर्यादित प्रदेशात होते, ज्यांच्यावर संशोधनाचा पैसा फारसा खर्च झालेला नाही आणि व्यापाराच्या तक्त्यांत ज्यांना स्वतंत्र रकाना नसतो अशी पिके. ही व्याख्या सोयीची आहे, पण ती दूरवरून पाहणाऱ्याने केलेली आहे. क्विटोच्या बाजारात ज्या फळाचा रस रोज विकला जातो, ते तेथील गिऱ्हाइकाच्या लेखी कधीच दुर्लक्षित नव्हते. या फळांच्या इतिहासात विस्मरण थोडे आणि स्थलांतर फार आहे : ती वारंवार डोंगर उतरून परदेशी गेली, तेथे नव्या नावाने रुळली, आणि त्यांतील काही त्या नव्या ओळखीसह मायदेशी परतली.

या इतिहासाचा सर्वांत जुना पुरावा मिळतो तो पर्वतावर नव्हे, तर त्याच्या पायथ्याशी पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर, जेथे पाऊस जवळजवळ पडत नसल्याने बिया, साली आणि मातीची भांडी हजारो वर्षे टिकून राहिली. इसवी सनाच्या पहिल्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान उत्तर पेरूत नांदलेल्या मोचे संस्कृतीच्या कुंभारांनी रिकिबीच्या आकाराच्या तोट्या असलेल्या सुरया घडवल्या, आणि त्यांतील काही सुरयांना लुकुमा व पेपिनो या फळांचे हुबेहूब रूप दिले. लुकुमा हे चिकूच्या कुळातील फळ असून त्याची साल हिरवी, गर नारिंगी आणि उकडलेल्या रताळ्यासारखा कोरडा असतो; पेपिनो हे वांग्या-टोमॅटोच्या कुळातील, पिवळ्या सालीवर जांभळ्या रेषा असणारे, पाणीदार आणि सौम्य गोडीचे फळ आहे. येउहेनियो याकोव्हलेफ आणि फोर्तुनातो हेरेरा या अभ्यासकांनी १९३४-३५ मध्ये प्राचीन पेरूच्या वनस्पतिविश्वावर जो प्रबंध लिहिला, त्यात अशा भांड्यांवरील आकृतींची प्रत्यक्ष वनस्पतींशी सांगड घातली गेली, आणि मार्गारेट टाउल यांच्या १९६१ च्या ग्रंथाने उत्खननातील वनस्पतिअवशेषांची त्याला जोड दिली. मात्र या पुराव्याला एक उपजत पक्षपात आहे. कोरड्या किनाऱ्यावर जे खाल्ले गेले तेवढेच टिकले. पूर्वेकडच्या दमट, धुकट उतारांवर जे पिकले ते कुजून मातीत मिसळले, आणि म्हणून नारांहियासारख्या फळाचा प्राचीन इतिहास जवळजवळ कोरा आहे. पुरावा नाही म्हणून पीक नव्हते, असे या प्रदेशाबाबत म्हणता येत नाही.

स्पॅनिश सत्ता आल्यानंतर लिखित नोंदी सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर अभिरुचीचे निवाडेही येतात. इंका राजकन्या आणि स्पॅनिश कप्तान यांच्या पोटी कुस्को येथे जन्मलेल्या, पण उतारवयात स्पेनमध्ये बसून लिहिणाऱ्या गार्सिलासो दे ला वेगा याने १६०९ च्या आपल्या ग्रंथात मातृभूमीच्या फळांची यादी मोठ्या आस्थेने दिली आहे. तरी लुकुमाला त्याने ओबडधोबड, नाजूकपणा नसलेले फळ ठरवले. आज पेरूत आइस्क्रीमसाठी ज्या फळाला सर्वाधिक मागणी आहे त्यातले हे एक, हे पाहता त्याचा निवाडा स्पेनमध्ये घालवलेल्या वर्षांचा परिणाम मानावा लागतो. वसाहतकाळात डोंगरातील लोकसंख्या साथींनी आणि खाणींतील सक्तीच्या वेठीने झपाट्याने घटली, सत्ताधाऱ्यांच्या मळ्यांत गहू, द्राक्ष, अंजीर आणि संत्रे आले, आणि स्थानिक फळे परसात, कुंपणालगत आणि आठवडी बाजारात राहिली. तेथे ती बायकांच्या हातात होती, बी किंवा फांदी शेजारणीकडून शेजारणीकडे जात होती, आणि कोणत्याही दप्तरात त्याची नोंद होत नव्हती.

याच काळातील एका नोंदीने चेरिमोयाविषयी एक वाद उभा केला आहे, आणि तो आजही पुरता मिटलेला नाही. चेरिमोया हे सीताफळ आणि रामफळ यांच्याच प्रजातीतले, पण थंड डोंगराळ हवेत वाढणारे भावंड. शास्त्रीय नाव अनोना चेरिमोला. बेर्नाबे कोबो हा जेझुइट पाद्री १५९९ मध्ये पेरूत आला आणि १६५३ मध्ये त्याने नव्या जगाच्या निसर्गाचा व समाजाचा प्रचंड इतिहास लिहून पुरा केला, जो छापला गेला थेट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्यात त्याने असे नोंदवले आहे की मेक्सिकोकडे जाताना ग्वाटेमालात त्याने हे फळ पाहिले आणि पेरूत ते माहीत नसल्याने त्याच्या बिया तिकडे पाठवल्या. ही नोंद छापली जाण्याआधीच आल्फोन्स द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८२ च्या आपल्या ग्रंथात लागवडीखालील वनस्पतींची मूलस्थाने ठरवताना चेरिमोयाचे घर इक्वाडोर आणि कदाचित लगतचा पेरू असे सांगितले, आणि पुढची शंभरहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकांनी तेच गिरवले. शेलिया आणि थॉमस पोझोर्स्की यांनी १९९७ मध्ये पेरूतील उत्खननांचे पुरावे तपासून कोबोची बाजू उचलली. २००४ मध्ये दुक्चिओ बोनाव्हिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट मत मांडून चेरिमोया प्राचीन पेरूत होते असे प्रतिपादन केले. २०१७ मध्ये जनुकीय अभ्यासाने तिसरेच वळण घेतले : ज्या प्रदेशात एखाद्या जातीतील जनुकीय वैविध्य सर्वाधिक, तेथेच तिचा उगम असण्याचा संभव अधिक, या तत्त्वावर अनेक देशांतील झाडे तपासली असता हे वैविध्य अँडीजमध्ये नव्हे तर होंडुरास आणि ग्वाटेमाला या मध्य अमेरिकेच्या भागात सर्वांत जास्त आढळले. मूळ मध्य अमेरिकेत आणि तेथून दक्षिणेकडे नेणारे हात स्पॅनिशांच्याही आधीचे, असा अर्थ त्या अभ्यासकांनी लावला. हा अर्थ खरा असेल तर कोबोने पाठवलेल्या बिया ही पहिली नव्हे, तर दुसरी किंवा तिसरी पाठवणी ठरते. आणि 'अँडीजचे फळ' हे बिरूद उगमापेक्षा जोपासनेवरून मिळालेले ठरते, जे काही कमी प्रतीचे नाही.

अठराव्या शतकात फ्रेंच व स्पॅनिश वैज्ञानिक मोहिमा आल्या, वाळवलेले नमुने युरोपात गेले, लिनियस आणि त्याच्या अनुयायांनी लॅटिन नावे दिली. नाव मिळाले म्हणून लागवडीला फारसा हातभार लागला नाही. तो लागला जहाजांतून जाणाऱ्या बियांमुळे, आणि ती वाहतूक बहुधा कोणाच्या योजनेशिवायच झाली. कागदी कंदिलासारख्या आवरणात वाढणारी, शास्त्रीय भाषेत फिसॅलिस पेरुवियाना म्हणवली जाणारी रसभरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीच आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरील केप ऑफ गुड होपच्या वसाहतीत लावली जात होती, आणि म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या जगाने तिला केपची गूजबेरी ठरवले. पुण्यामुंबईच्या बाजारात जी रसभरी येते ती हीच. बांधावर आपोआप उगवणारी चिरबोटी तिची बहीण आहे, पण पर्वतातली ही थोरली बहीण भारतात आली ती परदेशी फळ म्हणूनच.

वृक्षटोमॅटोचा प्रवास याहून अधिक रोचक आहे आणि त्यात भारताचा थेट भाग आहे. टोमॅटोच्याच प्रजातीतले, पण झुडपावर लोंबणारे हे अंडाकृती, आंबटगोड फळ मूळचे दक्षिण बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिना या भागांतले असावे असा आजचा अंदाज आहे, कारण त्याची रानटी वाटणारी झाडे तेथेच आढळली आहेत. ब्रिटिश साम्राज्याच्या वनस्पतिउद्यानांच्या जाळ्यातून ते भारताच्या थंड डोंगरांत पोहोचले; निलगिरी, दार्जिलिंग आणि ईशान्येकडील टेकड्यांत त्याची झाडे आजही परसात दिसतात आणि त्याची चटणी केली जाते. १८९१ मध्ये ऑकलंडच्या डी. हे आणि सन्स या रोपवाटिकेने न्यूझीलंडमध्ये त्याची पहिली आवक केली ती अँडीजहून नव्हे, भारतातून. सुरुवातीची फळे पिवळी आणि जांभळी होती; १९२० च्या दशकात दक्षिण अमेरिकेच्या बियांपासून लाल वाण तयार झाला, दुसऱ्या महायुद्धात केळी-संत्र्यांची आयात थांबल्यावर घरच्या पर्यायाला भाव आला, आणि १९६७ मध्ये उत्पादकांच्या संघटनेने भाजीपाल्याचा वास येणारे जुने नाव टाकून 'टमारिलो' हे बनवलेले नाव स्वीकारले. आता जगभरच्या दुकानांत हे फळ त्याच नावाने विकले जाते, जणू ते न्यूझीलंडचेच. २००६ मध्ये टोमॅटो-बटाट्यावरची सिलिड नावाची बारीक रसशोषक कीड त्या देशात शिरली, तिच्याबरोबर झाडाच्या रसवाहिन्या बंद पाडणारा जिवाणू आला, आणि तेथील टमारिलोच्या बागा फार घटल्या. ज्या डोंगरांतून फळ आले तेथील शेतकरी ते कधीच एका फळावर अवलंबून राहून लावत नव्हता, हा फरक येथे नोंदण्याजोगा आहे.

परदेशी गेलेल्या पिकाच्या पुनरागमनाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण रसभरीच पुरवते. कोलंबियात तिला उचुव्हा म्हणतात. कुंदिनामार्का आणि बोयाका या डोंगराळ विभागांत तिची लागवड विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत निर्यातीसाठी वाढली आणि कोलंबिया हा तिचा जगातील प्रमुख निर्यातदार झाला. माल मुख्यतः नेदरलँड्स आणि जर्मनीकडे जातो. तेथील शेतकरी आपल्या शेतातल्या वाणांना तीन नावांनी ओळखतात : कोलंबिया, केनिया आणि दक्षिण आफ्रिका. पहिल्याची फळे लहान, पण रंगाने तेजस्वी आणि अधिक गोड. दुसऱ्या दोन्हींची मोठी. अँडीजच्या शेतात अँडीजच्या फळाला आफ्रिकी नाव असणे यातच त्याचा सारा प्रवास आला. पण मोठ्या प्रमाणावर एकाच जागी लावलेल्या पिकाला मातीतून पसरणाऱ्या फ्युझॅरियम मर रोगाने गाठले, शेते सोडून नव्या जमिनी धरणे भाग पडले, आणि तेव्हाच शासकीय संशोधन संस्थेने निवडीचे पद्धतशीर काम हाती घेऊन 'आंदिना' आणि 'दोरादा' हे वाण दिले. संशोधन पिकाला मोठे करते असे समजले जाते. येथे पीक आधी मोठे झाले आणि संकटात सापडल्यावर संशोधन आले.

विसाव्या शतकाच्या आरंभी या फळांकडे संशोधनाच्या नजरेने पाहणारी पहिली मोठी संस्था ही अमेरिकी संयुक्त संस्थानांचे कृषिखाते होय. १८९८ मध्ये डेव्हिड फेअरचाइल्ड यांच्या पुढाकाराने तेथे परदेशी बी-बियाणे आणण्याचा स्वतंत्र विभाग निघाला आणि त्याने वनस्पतिशोधकांना जगभर पाठवले. विल्सन पोपेनो हे त्यांच्यापैकी एक. १९२० मध्ये त्यांचा उष्ण व उपोष्ण प्रदेशातील फळांवरचा मोठा ग्रंथ निघाला, पाठोपाठ त्यांनी इक्वाडोरचा दौरा केला आणि १९२४ मध्ये त्या देशातील फळझाडांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांचे वैशिष्ट्य हे की त्यांनी जंगलापेक्षा बाजार अधिक पाहिला : कोणते फळ कोणत्या गावाहून येते, कोण विकते, कसे खाल्ले जाते, याच्या नोंदी त्यांच्या लेखनात ठायीठायी आहेत. त्यांचा हेतू अर्थातच कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांना नवी पिके मिळवून देण्याचा होता, आणि १९२५ पासून ते युनायटेड फ्रूट कंपनीच्या नोकरीत गेले. तरीही अँडीजच्या बाजारांचे त्या काळातले इतके बारकाईचे चित्र दुसरीकडे क्वचितच सापडेल.

पोपेनो यांना भावलेल्या फळांत नारांहिया होते, आणि या सर्व पिकांच्या अभ्यासातील अडचणी एकत्र पाहायच्या असतील तर त्याच्याकडेच वळावे लागते. कोलंबियात त्याला लुलो म्हणतात. मोठी, जांभळट लव असलेली पाने, तपकिरी केसाळ फळे आणि आत हिरवा, फेसाळ, विलक्षण सुगंधी रस असे हे झुडूप पूर्वेकडच्या दमट उतारांवर अर्धवट सावलीत वाढते. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात इक्वाडोरने त्याची फळे मांडली आणि रस लोकांना चाखायला दिला. लोकांना तो आवडला, पण पुढे व्यापार उभा राहिला नाही. कारण शेतात होते. मुळांवर गाठी पाडणाऱ्या सूत्रकृमींपुढे नारांहिया फार दुबळे पडते आणि एका जागी दोनतीन हंगामांत पीक खचते. म्हणून शेतकरी जंगलाचा नवा तुकडा तोडून ताज्या मातीत रोपे लावत, ती खचली की पुढे सरकत, आणि मागे गायरान उरे. शहरातल्या रसाच्या प्रत्येक पेल्यामागे डोंगरावरचे थोडे अरण्य जात होते, हे सत्य त्या काळच्या उत्साही लेखनात फारसे दिसत नाही.

या दुखण्यावर इंडियाना विद्यापीठातील चार्ल्स हायझर यांनी आयुष्यातील बराच काळ घालवला. वांगी-टोमॅटो कुळाचे हे अभ्यासक नारांहियाचे रानटी नातेवाईक गोळा करत, त्यांच्यात संकर घडवून आणत आणि कोणत्या संकराला सुपीक बी धरते ते पाहत. सोलॅनम हिर्टम या काटेरी रानटी झुडपात सूत्रकृमींना दाद न देण्याचा गुण असल्याचे दिसले. पण त्याच्याशी केलेल्या संकरात फळाचा आकार आणि स्वाद घसरत असे, आणि तो परत मिळवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या उलट संकर करावे लागत. दरम्यान इक्वाडोरमधील एका शेतकऱ्याने नारांहिया आणि ॲमेझॉनच्या सखल भागातील कोकोना यांचा संकर करून अधिक काटक असे झाड मिळवले, जे पुयो गावाच्या नावाने पसरले. त्याची फळे लहान राहत, म्हणून शेतकरी २,४-डी या एरवी तण मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनाचा अतिविरळ फवारा फुलोऱ्यावर देऊन ती मोठी करू लागले. प्रयोगशाळेच्या आधी शेतकऱ्याने प्रश्न सोडवला आणि सोडवताना दुसरा निर्माण केला. यात दोष कोणाचा हे ठरवण्यापेक्षा एवढे नोंदणे पुरे की बाजारात आज विकल्या जाणाऱ्या नारांहियाचा मोठा भाग संकरित आहे आणि जुन्या वाणाच्या सुगंधाला तो पोहोचत नाही. रानटी हिर्टमच्या मुळांवर जुन्या नारांहियाचे कलम बांधणे हा नंतर पुढे आलेला तोडगा अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात फळ तेच राहते आणि बदलते ते फक्त मूळ.

चेरिमोयाची लागवड मात्र तिच्या पर्वताबाहेर सर्वांत यशस्वी झाली. १७५७ मध्ये ती स्पेनमध्ये पोहोचल्याचे सांगितले जाते, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती अंगणातच होती. मग रोगाने संत्र्यांची झाडे गेली तेव्हा ग्रानादा प्रांताच्या किनारी दऱ्यांत तिच्या बागा उभ्या राहिल्या, आणि आज स्पेन हा तिचा जगातील आघाडीचा उत्पादक आहे. तिच्या फुलात स्त्रीकेसर आधी पक्व होतो आणि पराग नंतर सुटतो, त्यामुळे आपल्याच परागाने फळ धरणे अवघड जाते. परागण करणारे लहान भुंगेरे परदेशात पुरेसे नसल्याने तेथे मजूर कुंचल्याने पराग गोळा करून फुलाफुलाला लावतात. १९०८ मध्ये फ्लोरिडात पी. जे. वेस्टर यांनी चेरिमोया आणि सीताफळ यांचा संकर केला, ज्याच्या संततीला अटेमोया म्हणतात. याच धाग्याने हा इतिहास महाराष्ट्रापर्यंत येतो : बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'आयलंड जेम' हा अटेमोया आणि 'मॅमथ' हे सीताफळ यांच्या संकरातून 'अर्का सहन' हा वाण काढला, आणि तो लावणाऱ्या इथल्या कोरडवाहू बागांत डोंगरी चेरिमोयाचा अंश, नकळत का होईना, आहे.

१९८९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने इंकांच्या हरवलेल्या पिकांवर एक ग्रंथ काढला. त्याच्या समितीचे अध्यक्ष ह्यू पोपेनो हे विल्सन पोपेनो यांचे पुत्र. तीसहून अधिक पिकांची ओळख करून देणाऱ्या त्या ग्रंथाने जगभरचे हौशी बागायतदार आणि रोपवाटिका यांचे लक्ष वेधले, यात शंका नाही. पण 'हरवलेली' या विशेषणात शोध लावणाऱ्याचा आविर्भाव आहे, आणि ती हरवली कोणाकडून याचे उत्तर शीर्षक देत नाही. शिवाय नवे पीक हे नेहमीच वरदान ठरते असेही नाही. पिवळी, केळीच्या आकाराची फळे देणारा कृष्णकमळकुळातला वेल, ज्याला इक्वाडोरमध्ये टाक्सो आणि कोलंबियात कुरुबा म्हणतात, हवाई बेटांवर शोभेसाठी गेला आणि तेथील मूळ अरण्यावर इतका माजला की झाडे त्याच्या भाराखाली मोडू लागली. १९९६ मध्ये त्याला आवरण्यासाठी सोडलेली बुरशीही शेवटी कोलंबियातूनच आणावी लागली.

पर्वतातील देशांनीही यानंतर आपल्या दारांना कड्या बसवल्या. १९९६ मध्ये अँडीज राष्ट्रसमूहाने ३९१ क्रमांकाचा निर्णय करून आपल्या जैविक संपत्तीपर्यंत पोहोचण्यासाठी परवानगी आणि लाभातील वाटा बंधनकारक केला. २००१ च्या आंतरराष्ट्रीय बियाणे करारात ज्या पिकांची सामायिक देवाणघेवाण ठरली त्या यादीत यांपैकी एकही फळ नाही, म्हणून परदेशी संशोधकाला प्रत्येक देशाशी स्वतंत्र बोलणी करावी लागतात. हा अडथळा त्रासाचा असला तरी शतकभर बिया विनापरवाना बाहेर गेल्याच्या पार्श्वभूमीवर तो अकारण म्हणता येत नाही. पेरूत लिमाजवळच्या कुंबे येथील चेरिमोया उत्पादकांनी आपल्या फळासाठी सामूहिक व्यापारचिन्ह घेतले, तो याच जाणिवेचा एक लहानसा, पण नफ्याचा भाग आहे.

चेरिमोयाच्या बीपासून आईसारखेच झाड येईल याची खात्री नसल्याने तिचे वाण डबीत साठवून जपता येत नाहीत, कलमे करून बागेतच जिवंत ठेवावे लागतात. असा एक मोठा संग्रह मालागाजवळच्या ला मायोरा संशोधन केंद्रात आहे, इतर पेरू आणि इक्वाडोरमध्ये. पण हे सारे उभे राहिले ते द कांदोलने आखलेल्या नकाशावर, म्हणजे मुख्यतः अँडीजमधील झाडांतून. मूळ मध्य अमेरिकेत असावे असे २०१७ मध्ये दिसले तेव्हा हेही ध्यानात आले की ज्या भागात वैविध्य सर्वाधिक, त्याच भागातील झाडे या संग्रहांत फार थोडी आहेत. होंडुरास आणि ग्वाटेमालाच्या डोंगरी गावांतील परसांत ती अजून उभी आहेत, आणि त्यांची मोजदाद करायची तर दारोदार फिरावे लागणार आहे.